घर नाकारले, तर दाद कोठे?



आजचा विषय कायद्याचा असला, तरी तो कोर्टाच्या आवारातला नाही. आपल्या उंबरठ्यावरचा आहे. ह्या सभेत बसलेल्यांपैकी पुष्कळांचा त्याच्याशी ह्या ना त्या नात्याने संबंध आलेला असेल. सोलापुरात ज्याच्या घरामागे दोन खोल्या आहेत किंवा वर माडी आहे, तो केव्हा ना केव्हा भाडेकरू ठेवतोच. ज्याचे स्वतःचे घर नाही, तो दर दोन-चार वर्षांनी खोली शोधत हिंडतोच. म्हणजे आपण सारे दाराच्या आत तरी उभे आहोत, नाही तर बाहेर तरी.

दारात जे घडते ते आपणांस ठाऊक आहे. माणूस खोली पाहावयास येतो. खोली पसंत पडते, भाडे ठरते, अनामत किती द्यावयाची हेही ठरते. मग घरमालक सहज विचारल्यासारखे विचारतो, "आडनाव काय म्हणालात?" आडनावाने उलगडा झाला नाही, तर "मूळ गाव कुठलं?" त्यानेही भागले नाही, तर "खाण्यापिण्याचं काय?" आणि मग, "अहो, सांगायचं राहूनच गेलं. सकाळीच एकाला शब्द दिला आहे." मोठा आवाज नाही, शिवी नाही. पाणीसुद्धा विचारले जाते. खोलीवरची 'भाड्याने देणे आहे' ही पाटी मात्र पुढे महिनाभर तशीच लटकत असते.

अशा माणसाने तक्रार करावयाची ठरविले, तर कोठे करावी, आणि ती केल्यावर चौकशी कशी होते किंवा कशी व्हावयास हवी, एवढेच आम्हांला आज सांगावयाचे आहे. लोकांच्या मनात याबाबत दोन समजुती आहेत. एक अशी की, घर नाकारणे हा सर्वस्वी मालकाचा अधिकार. त्यावर कोणाचे काही चालत नाही. दुसरी अशी की, घटनेने समता दिली आहे, तेव्हा असा प्रत्येक नकार गुन्हाच. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. आणि खरी अडचण ह्या दोहोंच्या मधल्या जागेत आहे.

ह्या प्रश्नातील आपल्या देशातली सर्वांत बोलकी हकीकत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा तरुण १९१७ साली करारानुसार नोकरी करण्यासाठी बडोद्यास गेला. सरकारी अधिकारी, पण राहावयास खोली मिळेना. अखेर एका पारशी उतारघरात पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांची टोळी दारात येऊन उभी राहिली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान सुटले. त्यांनी दोन मित्रांना विचारून पाहिले, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापल्या परीने असमर्थता दाखविली. कामाठी बागेत वेळ काढून ते रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. ही गोष्ट आपण ऐकलेली असते. तिच्यातला एक तपशील मात्र सहसा सांगितला जात नाही. सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी दिवाणांकडे रीतसर अर्ज केला होता. निकडीचा अर्ज होता. तो एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला, आणि उत्तर येण्याआधी काठ्या आल्या. हे सारे बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी अर्जाच्या त्या प्रवासाची चाल अजून फारशी बदललेली नाही.

आपल्या शहराचाही ह्या हकीकतीशी एक धागा जुळतो. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली दलित विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले ते सोलापुरात. हायस्कुलात शिकावयास आलेल्या मुलांना गावात कोणी खोली देईना, म्हणून तर वसतिगृहाची गरज. शिक्षणाचा प्रश्न आधी निवाऱ्याचा प्रश्न होता.

आता कायद्याकडे वळू. घटनेच्या पंधराव्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, करमणुकीची ठिकाणे, विहिरी, तलाव, रस्ते सर्वांना खुले केले. खाजगी माणसालाही तेथे भेद करता येत नाही. पण त्या यादीत राहते घर नाही. सतरावे कलम मात्र अस्पृश्यता सरसकट नष्ट करते, आणि तिचे पालन सरकारने करो की शेजाऱ्याने करो, गुन्हा ठरविते. त्या कलमाच्या आधारे १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा झाला. १९७६ च्या दुरुस्तीनंतर तो नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. ह्या कायद्याच्या चौथ्या कलमात, अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहते घर बांधण्यास, घेण्यास किंवा त्यात राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. सातव्या कलमात बहिष्काराची व्याख्या आहे. तिच्यात घर किंवा जमीन भाड्याने देण्याचे नाकारणे हेही येते. शिक्षा एक महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत कैद आणि शिवाय दंड.

म्हणजे कायदा सत्तर वर्षांचा जुना आहे, आणि त्यात 'घर' हा शब्द आहे. मग तो वापरला का जात नाही? उत्तर आपण वर ऐकलेल्या संभाषणात आहे. "सकाळीच शब्द दिला" ह्या वाक्यात जात कोठे आहे? कायदा कारण विचारतो, आणि कारण तर उच्चारलेच जात नाही. तक्रारदाराने मालकाच्या मनात शिरून पुरावा आणावा कसा?

कायदा करणारांना ही अडचण दिसली नव्हती असे नाही. त्याच कायद्याचे बारावे कलम पाहा. कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीच्या बाबतीत घडले असेल, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालयाने धरून चालावे. तसे नव्हते हे आरोपीने दाखवावे. पुराव्याचा भार अशा रीतीने उलटा फिरविला आहे. आमच्या मते साऱ्या कायद्यात मोलाचे कलम असेल तर हे. आणि सर्वांत कमी लोकांना माहीत असलेलेही हेच. पोलीस ठाण्यात "अहो, त्यानं जातीचं नाव घेतलं का?" असे विचारले जाते, तेव्हा विचारणाऱ्याला हे कलम आठवत नसते. आठवून देण्याचे काम तक्रारदारावर किंवा त्याच्याबरोबर गेलेल्या चार शहाण्या माणसांवर येते.

१९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा ह्याहून कडक आहे. २०१५ च्या दुरुस्तीने त्यात सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा वेगळा गुन्हा झाला, आणि कोणाशी व्यवहार नाकारणे हे आर्थिक बहिष्काराच्या व्याख्येत आले. घर नाकारताना चार लोकांसमक्ष जातीवरून अपमान झाला असेल, तर ते कलम निराळे. ह्या कायद्याखालील तपास पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने, म्हणजे आयुक्तालय असलेल्या आपल्या शहरात सहायक पोलीस आयुक्ताने, करावयाचा असतो. साठ दिवसांत दोषारोपपत्र दाखल व्हावे अशी तरतूद आहे. तोंडी सांगितलेली फिर्याद लिहून घेऊन ती फिर्यादीला वाचून दाखविणे आणि मगच सही घेणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. ते बुद्ध्या टाळणे हाही गुन्हाच.

फिर्याद द्यावयाची ती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत हद्दीची सबब उरलेली नाही. नोंदीची प्रत फुकट मिळते. ठाणेदाराने नोंद नाकारली, तर तीच हकीकत लेखी लिहून पोलीस आयुक्तांकडे पाठवावी. तेथेही दाद न लागली, तर दंडाधिकाऱ्याकडे जावे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळतो. अत्याचारविरोधी मदतीसाठी १४५६६ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

हा झाला रस्ता. पण रस्त्यावरून गाडी जाते ती तपासाच्या चाकांवर. आणि ही चाके बहुधा पहिल्याच दिवशी रुततात. तपासनीस मालकाला बोलावतो, मालक "खोली आधीच दिली होती" म्हणतो, जबाब लिहिला जातो आणि कागद मिटतो. येथे आम्हांला एक साधी गोष्ट सुचवावयाची आहे. खोली खरोखरच आधी दिली असेल, तर तिचा कागद कोठे तरी असलाच पाहिजे. महाराष्ट्रात भाडेकरार नोंदवावा लागतो, आणि त्यावर तारीख असते. भाडेकरूची माहिती मालकाने पोलिसांना देण्याची पद्धत आहे. तिच्यावरही तारीख असते. म्हणजे एक कागद नोंदणी कार्यालयात आणि दुसरा तपासनिसाच्या स्वतःच्या ठाण्यात. "सकाळी दिली" हे खरे की खोटे, हे दोन कार्यालयांत एका दुपारी पाहता येईल. खोटे ठरले, म्हणजे कारण लपविण्याची गरज मालकाला का भासली, हा पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. बाराव्या कलमाचे गृहीत तेव्हा कामास येते.

दुसरी रीत तुलनेची. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर एका आठवड्यात, ११ एप्रिल १९६८ रोजी, घरांच्या व्यवहारात भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा सही होऊन अमलात आला. तेथे तक्रार एका वर्षाच्या आत गृहनिर्माण खात्याकडे करता येते; खात्याने साधारणपणे शंभर दिवसांत चौकशी पुरी करावयाची असते; मध्यंतरी समेटाचा प्रयत्न होतो; समेट न झाल्यास आणि तक्रारीत तथ्य आढळल्यास प्रकरण न्यायाधीशापुढे जाते. पण त्यांची खरी किल्ली निराळीच आहे. ज्याला नकार मिळाला त्याच्यासारखीच मिळकत, तशीच नोकरी, तेवढेच कुटुंब असलेला, पण दुसऱ्या वर्णाचा माणूस त्याच दारात पाठवितात. त्याला खोली दाखविली गेली, की मनातले कारण उघड्यावर येते. अशा पाहणी करणाऱ्या माणसालाही फिर्यादीचा हक्क आहे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली मान्य केले. आपल्याकडे हीच रीत अभ्यासकांनी दिल्ली परिसरात वापरली. प्रा. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, दूरध्वनीवर घर विचारणाऱ्या उच्चवर्णीय नावांपैकी एकालाही नकार मिळाला नाही. दलित नावांपैकी सुमारे १८ टक्क्यांना आणि मुसलमान नावांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना मिळाला. घरे तीच, भाडे तेच. हे काम करावयास कायद्याची परवानगी लागत नाही. ज्या संध्याकाळी नकार मिळतो, त्याच संध्याकाळी दुसऱ्या आडनावाच्या मित्राने त्याच घरी चौकशी करावी, काय उत्तर मिळाले ते वेळेसह लिहून ठेवावे, आणि पुढे साक्ष द्यावयाची तयारी ठेवावी. ही शेवटची अट सर्वांत कठीण. मित्र दूरध्वनी करतात. साक्षीच्या दिवशी त्यांना लग्न निघते.

येथवर आम्ही बोललो ते ज्यांना कायद्याचे छत्र आहे त्यांच्याविषयी. आता ज्यांना ते नाही त्यांच्याकडे पाहू. आणि ह्यासाठी सोलापूर सोडून दूर जावयास नको. आपल्या शहरातला सेटलमेंटचा भाग सर्वांस माहीत आहे. इंग्रज सरकारने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले, त्यांना तारेच्या कुंपणात ठेवण्याची ती जागा. त्यांतील पुष्कळांनी येथल्या गिरण्यांत घाम गाळला. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, कुंपण गेले. पण पत्त्यातला शब्द राहिला, आणि तो ऐकून हात आखडता घेणारी माणसे राहिली. आता गंमत पाहा, अर्थात कडू गंमत. कैकाडी समाज विदर्भाच्या पुष्कळशा भागात अनुसूचित जातीत मोडतो, तर आपल्याकडे विमुक्त जातीत. तेव्हा नागपुरात ज्या कैकाडी माणसाला घर नाकारले असता बाराव्या कलमाचे गृहीत लाभेल, त्याच्याच सोलापूरच्या पाव्हण्याला ते लाभणार नाही. दार तसेच, नकार तोच. फरक फक्त यादीतल्या तालुक्यांचा!

मुसलमानांची तर त्याहून पंचाईत. धर्मावरून घर नाकारणे हा आजही कोणत्याही कायद्याने स्वतंत्र गुन्हा ठरविलेला नाही. अल्पसंख्याक आयोगाकडे अर्ज करता येतो. आयोग अहवाल मागवितो, शिफारस करतो. मालकाला शिक्षा करण्याचे सामर्थ्य त्याच्यापाशी नाही. एकट्या राहणाऱ्या बाईने, मग ती विधवा असो, परित्यक्ता असो की नोकरीसाठी आलेली मुलगी असो, महिला आयोगाकडे जावे, तर तेथेही बहुतांशी तेच. सच्चर समितीने २००६ साली समान संधी आयोग नेमावा अशी शिफारस केली. पुढे त्यासाठी तज्ज्ञ गटाने मसुदाही दिला. आयोग मात्र आला नाही. आपल्याला अशी भाषा कायद्यात लिहिताच येत नाही, असे म्हणावे तर तसेही नाही. एच.आय.व्ही.बाधितांसाठी २०१७ साली आणि तृतीयपंथीयांसाठी २०१९ साली झालेल्या कायद्यांत राहण्याचा, घर विकत किंवा भाड्याने घेण्याचा हक्क नाकारू नये असे स्वच्छ शब्द आहेत. एच.आय.व्ही.च्या कायद्यात तर राज्याने लोकपाल नेमावा आणि त्याने तीस दिवसांत निर्णय द्यावा अशीही योजना आहे. म्हणजे शब्द हाताशी आहेत, यंत्रणेचा नमुनाही आहे. तो सर्वांसाठी वापरण्याची इच्छा नाही.

सहकारी गृहनिर्माण संस्थांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. ह्या देशातील अशा पुष्कळ जुन्या संस्थांची सुरुवात जातीच्या आधाराने झाली; मुंबईत गावदेवीस १९१५ साली स्थापन झालेली सारस्वत संस्था हे तिचे एक उदाहरण. त्या काळी त्यात उपकाराची दृष्टी होती. नव्या शहरात आपली माणसे एकत्र यावीत एवढेच. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी कायद्याने पुढे खुल्या सभासदत्वाचे तत्त्व आणले. पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय नाकारता येत नाही, आणि नाकारल्यास निबंधकाकडे अपील होते. परंतु अहमदाबादच्या पारशी संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली असा निकाल दिला की, संस्थेच्या उपविधींनी सभासदत्व एका समाजापुरते ठेवले असेल, तर विधिमंडळ जोवर त्यास मनाई करीत नाही तोवर ते अवैध नाही. आम्हांला हा निकाल पटत नाही. लहान समाजाने एकत्र राहावे हे समजू शकते. पण तोच नियम मोठ्या समाजाने शहरभर चालविला, तर लहानाने जावे कोठे, ह्याचे उत्तर त्यात सापडत नाही. भाडेकरूच्या बाबतीत मात्र संस्थांची दांडगाई बरीचशी निराधार असते. आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने सदनिका भाड्याने देताना संस्थेस कळवावयाचे असते. परवानगी मागावयाची नसते. "सोसायटी परवानगी देत नाही" हे कारण ऐकले, की ते लेखी मागावे. बहुधा ते लेखी येत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईत मुलुंडला एका मराठी बाईस कार्यालयासाठी जागा नाकारली गेली, तेव्हा महाराष्ट्रभर संताप उसळला. तो रास्तच होता. पण त्या वेळी पोलिसांत जो गुन्हा नोंदला गेला, तो अडवणूक आणि दमदाटी ह्यांसारख्या कलमांखाली. जागा नाकारण्याच्या कलमाखाली नव्हे, कारण तसे कलमच नाही. त्या दिवशी पुष्कळ मराठी माणसांना नकार म्हणजे काय ते प्रथमच कळले. आपल्याच गावात आपण तो नकार किती जणांना देतो, ह्याचा विचार तेव्हा फारसा कोणी केला नाही.

कोणी म्हणेल, "घर माझे, घाम गाळून बांधलेले, त्यात कोण राहावे हे मी ठरविणार नाही तर कोण?" ह्या म्हणण्यात काही तथ्य आहे. भाडे वेळेवर देईल का, किती माणसे राहतील, मागच्या मालकाचा अनुभव काय, हे विचारण्याचा मालकाला पुरा हक्क आहे. मालक स्वतः राहतो अशा चार बिऱ्हाडांपर्यंतच्या घरांना अमेरिकेच्या त्या कायद्यानेही पुष्कळशी सूट दिली आहे. पण तेथेही 'अमुक लोक नकोत' अशी जाहिरात करण्याची सूट नाही. आपल्याकडेही कायदा करताना माडीवरची एक खोली आणि दलालामार्फत दिल्या जाणाऱ्या वीस सदनिका ह्यांत फरक करता येईल. आपल्याकडचा दलाल तर "शाकाहारीच हवेत" ही अट खुशाल छापतो, आणि तिच्या आडून काय विचारले आहे ते वाचणाऱ्याला बरोबर कळते.

सोलापूरने ह्या बाबतीत एक निराळी वाटही दाखविली आहे, ती सांगून आम्ही थांबतो. कुंभारीच्या माळावर विडी कामगार स्त्रियांच्या गोदूताई परुळेकर संस्थेची दहा हजार घरे २००६ साली उभी राहिली. त्यामागून रे-नगरची तीस हजार घरांची योजना आली, आणि तिच्यातील पहिल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ रोजी दिल्या गेल्या. नरसय्या आडम मास्तरांच्या चळवळीतून हे घडले. त्यांच्या राजकारणाशी कोणाचे पटो वा न पटो, सभासद होण्याची कसोटी तेथे कष्ट ही होती. विडी वळणारी, यंत्रमागावर उभी राहणारी, शिवणकाम करणारी, कचरा वेचणारी. तेलुगू, कानडी, उर्दू, मराठी बोलणारी माणसे एका भिंतीच्या दोन बाजूंस राहावयास गेली. ह्या घरांतील काही पुढेमागे भाड्याने दिली जातील. तेथे पहिला भाडेकरू दारात उभा राहील, तेव्हा त्याला आधी भाडे सांगितले जाते की आडनाव विचारले जाते, हे पाहावयास आपण सर्वांनी एकदा कुंभारीपर्यंत जाऊन यावे. बस तेथवर जाते.